पॉलिमर इन्सुलेटरवरचे पाण्याचे थेंब: नुकसान कुठे सुरू होते आणि ते कधी पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकण किनाऱ्यालगतच्या १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीवर सिलिकॉन रबराचे (पॉलिमर) इन्सुलेटर, म्हणजे तारेला टॉवरशी धरून ठेवणारे पण वीज टॉवरकडे जाऊ न देणारे दुवे, बसवून काही वर्षे झाली आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर आणि हिवाळ्यातल्या दमट पहाटे कंडक्टरच्या (विजेच्या तारेच्या) बाजूने चरचर ऐकू येते, अंधारात निळसर ठिपके दिसतात आणि नेमके तेवढ्याच भागातले रबर पांढुरके पडले आहे. पाणी पसरू न देता त्याचे थेंब करणे हा या रबराचा गुण सांगितला जातो. मग पृष्ठभागावर थेंब स्पष्ट दिसत असतानाच हा प्रकार का होतो, इन्सुलेटर धुवावेत का, आणि पुन्हा चिनी मातीच्या डिस्ककडे वळावे का?

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून सांगतो. चिनी मातीकडे वळण्याचे कारण या वर्णनात मला दिसत नाही, आणि धुण्याची घाईही करू नये. मात्र जे दिसते आहे ते दुर्लक्ष करण्याजोगे नक्कीच नाही. पूर्ण इन्सुलेटरची चिंता करण्यापेक्षा कंडक्टरकडच्या एंड फिटिंगपासूनची (टोकावरच्या धातूच्या तुकड्यापासूनची) पहिली वीतभर जागा आणि तिथले सील (फिटिंग व रबर यांच्यातला पाणी रोखणारा जोड) बारकाईने तपासावे, कारण थेंबांमुळे होणारे नुकसान बहुतेक वेळा तिथेच सुरू होते आणि तिथेच जिवावर बेतते.

चिनी माती आणि काच यांच्यावर पाणी पडले की ते पसरते आणि त्याचा सलग पातळ थर होतो. त्या थरात मीठ आणि धूळ विरघळली की लीकेज करंट (पृष्ठभागावरून झिरपणारा प्रवाह) वाढतो, जिथे करंटची घनता जास्त तिथे पाणी सुकून कोरडे पट्टे तयार होतात, त्या पट्ट्यांवर ठिणग्या पडतात आणि परिस्थिती अनुकूल असेल तर त्याच ठिणग्या लांबत जाऊन फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ठिणगी पूर्ण इन्सुलेटर ओलांडते. पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि उत्तर प्रदेशात हिवाळ्यातल्या दाट धुक्यात उच्च दाबाच्या वाहिन्या याच कारणाने ट्रिप होत (आपोआप बंद पडत) असत, आणि तिथल्या प्रदूषित पट्ट्यांत चिनी मातीच्या स्ट्रिंग काढून पॉलिमर इन्सुलेटर बसवण्याचे मोठे काम झाले ते त्यामुळेच. सिलिकॉन रबरावर पाणी अळवावरच्या पाण्यासारखे वागते. स्वच्छ, नव्या पृष्ठभागावर त्याचा स्पर्शकोन ९० अंशांच्या वर, साधारण १०० ते ११० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे थेंब एकमेकांपासून सुटे राहतात आणि करंटला सलग वाट मिळत नाही. याहून महत्त्वाचा गुण असा की रबराच्या आत असलेले कमी रेणुभाराचे सिलोक्सेन (सिलिकॉनचे लहान रेणू) हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि वर साचलेल्या धुळीच्या थरात मुरतात, त्यामुळे काही काळाने ती धूळसुद्धा पाण्याला पसरू देत नाही. ईपीडीएमसारख्या इतर रबरांत हा गुण नसतो, आणि सिलिकॉनचे खरे मोल याच्यातच आहे. घाणेरडा दिसणारा सिलिकॉन इन्सुलेटर विद्युतदृष्ट्या चांगल्या स्थितीत असू शकतो, हे वाहिनी पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

आता थेंबाची दुसरी बाजू पाहू. विद्युत क्षेत्रात ठेवलेला पाण्याचा थेंब त्या क्षेत्राला आपल्या टोकांशी गोळा करतो. पाण्याचा सापेक्ष परावैद्युतांक सुमारे ८० आहे आणि हवेचा १, म्हणून केवळ परावैद्युत (वीज न वाहणारा) पदार्थ म्हणून विचार केला तरी एकसमान क्षेत्रातल्या गोल थेंबाच्या दोन टोकांशी क्षेत्र सुमारे २.९ पट होते. प्रत्यक्षात थेंब वाहकासारखाच वागतो. ५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी साधी वाहकता धरली, तरी ५० हर्ट्झला थेंबातून जाणारा वाहक करंट हा विस्थापन करंटच्या (केवळ बदलत्या क्षेत्रामुळे वाहणाऱ्या करंटच्या) वीस हजार पटींहून जास्त भरतो. त्यामुळे गोल थेंबासाठी ही वाढ बरोबर ३ पट धरावी. या हिशोबातून एक गोष्ट निघते जी अनेकांना पटत नाही: पावसाचे स्वच्छ पाणी असो की खारट दव, एकट्या थेंबाच्या टोकाशी होणारी क्षेत्राची वाढ जवळजवळ सारखीच असते. म्हणजे थेंबाचा कोरोना, टोकाजवळच्या हवेत होणारा निळसर, चरचरणारा विद्युत विसर्ग, सुरू होण्यासाठी मिठाची गरज नाही. मिठाची भूमिका पुढच्या टप्प्यात येते.

इन्सुलेटरच्या आतल्या फायबरग्लास रॉडवरच्या रबरी आवरणावर विद्युत क्षेत्र मुख्यतः पृष्ठभागाला समांतर, म्हणजे एका एंड फिटिंगकडून दुसऱ्याकडे जाणारे असते. तिथे बसलेल्या थेंबाची दोन टोके त्याच दिशेत येतात, आणि टोकाशी पाणी, हवा व रबर हे तिघे जिथे भेटतात ती रेषा सर्वांत ताणाची असते. शेडच्या (आवरणातून बाहेर आलेल्या छत्रीसारख्या चकतीच्या) सपाट भागावर क्षेत्राची दिशा पृष्ठभागाला बरीचशी उभी असल्याने तिथे थेंबाचा माथा ताणाखाली येतो आणि तुलनेने त्रास कमी होतो. म्हणून थेंबाच्या कोरोनाने झिजलेला भाग शोधायचा तर शेडच्या रुंद पृष्ठभागापेक्षा दोन शेडमधल्या आवरणावर नजर ठेवावी.

थेंब स्थिर राहत नाही, हेही यात मिसळते. क्षेत्राने लावलेले बल क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे आपल्या ५० हर्ट्झच्या वाहिनीवर थेंबाला सेकंदाला १०० वेळा ओढ बसते. पृष्ठताण आणि घनता धरून हिशोब केला तर सुमारे १.१ मिलिमीटर त्रिज्येच्या सुट्या थेंबाची स्वतःची कंपनसंख्याही १०० हर्ट्झच्या जवळ येते. पृष्ठभागाला चिकटलेल्या थेंबासाठी हा आकडा बदलतो, पण आकारमानाचा अंदाज तोच राहतो. म्हणून मध्यम आकाराचे थेंब क्षेत्राखाली जोरात थरथरतात, लांबतात, आखडतात आणि शेजारच्या थेंबाशी जोडले जातात. जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये दाखवले की मोकळा थेंब क्षेत्राच्या दिशेने लांबत जाऊन लांबी रुंदीच्या सुमारे १.९ पट झाली की अस्थिर होतो आणि त्याच्या टोकाला ४९.३ अंशांच्या अर्धकोनाचा शंकू तयार होतो. त्यांच्याच सूत्राने पाहिले तर १ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबाला तिथवर न्यायला सेंटिमीटरला सुमारे १३ किलोव्होल्ट क्षेत्र लागते. आपल्या इन्सुलेटरवर ते सहसा नसते. थेंब फाटण्याआधीच त्याच्या टोकाजवळची हवा आयनीभूत होते, आणि पहाटे ऐकू येणारी चरचर ती हीच.

हवेचे विघटन सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट शिखरमूल्याला होते, म्हणजे आरएमएस मापात (प्रत्यावर्ती व्होल्टेजच्या परिणामी मूल्यात) सुमारे २१. थेंब ते तिप्पट करतो असे धरले तर मूळ क्षेत्र सेंटिमीटरला ७ किलोव्होल्टच्या आसपास असताना कोरोना सुरू व्हायला हवा. थेंब लांबलेला असेल, दोन थेंब एकमेकांना जवळजवळ भिडले असतील, तर याहून कमी क्षेत्रातही तो सुरू होतो. त्यामुळे व्यवहारात ज्या मर्यादेचा आधार घेतात ती याहून खाली ठेवलेली आहे: रबरी आवरणाच्या पृष्ठभागालगत, कोरड्या स्थितीत काढलेले क्षेत्र मिलिमीटरला ०.४२ (सेंटिमीटरला ४.२) किलोव्होल्ट आरएमएसच्या वर १० मिलिमीटरपेक्षा जास्त लांबीत असू नये. हा आकडा अमेरिकेतल्या ईपीआरआय या वीज-संशोधन संस्थेच्या कामातून पुढे आला आणि आज तो जगभर वापरला जातो. आपल्या निविदांमध्ये क्रीपेज (पृष्ठभागावरून मोजलेले दोन टोकांमधले अंतर), यांत्रिक भार आणि आवेग व्होल्टेज (वीज कोसळल्यावर येतो तसा क्षणिक दाब) काटेकोर लिहिलेले असतात, पण ही मर्यादा कित्येकदा लिहिलेलीच नसते. माझ्या मते ती लिहिणे हे थेंबांच्या नुकसानीवरचे सर्वांत स्वस्त औषध आहे.

या आकड्याचा अर्थ आपल्या वाहिनीला लावून पाहू. १३२ किलोव्होल्टला फेज ते जमीन हे व्होल्टेज ७६ किलोव्होल्ट येते. ते सुमारे १.३ मीटर कोरड्या लांबीवर सारखे वाटले गेले असते, तर मिलिमीटरला ०.०६ किलोव्होल्टसुद्धा भरले नसते, म्हणजे मर्यादेच्या सुमारे एक सप्तमांश. पण ते सारखे वाटले जात नाही. चिनी मातीच्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येक डिस्कच्या टोपी आणि पिनेमुळे मधे मधे धातू येतो आणि व्होल्टेजची वाटणी थोडीफार तरी सुधारते. पॉलिमर इन्सुलेटरमध्ये दोन टोकांच्या फिटिंगमध्ये धातूचा एक तुकडाही नसतो, त्यामुळे क्षेत्र कंडक्टरकडच्या टोकाशी एकवटते. जमिनीकडच्या टोकाशीही थोडी वाढ असते, पण ती बरीच कमी. उरलेला बहुतेक इन्सुलेटर सरासरीच्या आसपास किंवा त्याखालीच राहतो. त्यामुळेच आपल्याला निळसर ठिपके फक्त एका टोकाशी दिसले. मधल्या भागावरही तितकेच थेंब होते, फक्त तिथल्या थेंबांवर ताण नव्हता.

२२० किलोव्होल्ट आणि त्यावर कोरोना रिंग (टोकाशी एकवटलेले क्षेत्र पसरवणारे धातूचे कडे) बसवण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. १३२ किलोव्होल्टवर मात्र रिंग अनेकदा नसते, कारण जुन्या समजुतीप्रमाणे या पातळीवर कोरोनाचा प्रश्नच येत नाही. कोरड्या धातूच्या कोरोनापुरती ती समजूत ठीक आहे. थेंबाच्या कोरोनाला ती लागू पडत नाही, कारण तिथे हार्डवेअर लहान, फिटिंगच्या कडा धारदार आणि कंडक्टर एकच असेल तर क्षेत्र मर्यादेच्या आसपास किंवा वर जाऊ शकते. टेन्शन टॉवरवर (जिथे इन्सुलेटर आडवे राहून तारेची ओढ धरतात) कंडक्टर इन्सुलेटरच्याच रेषेत पुढे जातो, त्यामुळे सस्पेंशनमध्ये (जिथे तार उभ्या इन्सुलेटरला टांगलेली असते) दोन्ही बाजूंना पसरलेल्या कंडक्टरचा जो आडोसा मिळतो तो तिथे मिळत नाही. म्हणून एकाच वाहिनीवर टेन्शनचे इन्सुलेटर पांढरे पडलेले आणि सस्पेंशनचे ठणठणीत, असे चित्र दिसले तर उत्पादनातला दोष गृहीत धरण्याआधी आपण क्षेत्राचा विचार करावा.

एका ठिणगीने रबराचे काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो रात्रीमागून रात्री त्याच दोन-चार सेंटिमीटरवर कोरोना चालू राहण्याचा. कोरोना पृष्ठभागावरचे मिथाइल गट तोडतो, त्यांच्या जागी ऑक्सिजनचे बंध येतात आणि वरचा थर सिलिकासारखा ठिसूळ व पाणी ओढणारा होतो. त्या जागी आता थेंब गोल न राहता पसरतो, पसरलेला थेंब जास्त लांब असतो, जास्त लांब थेंब क्षेत्राला अधिक एकवटतो, आणि कोरोनाची जागा वाढत जाते. असे छोटे ओले डाग जोडले गेले की आवरणावर पाण्याचे पट्टे तयार होतात आणि त्यांच्यामधल्या कोरड्या जागेवर खऱ्या अर्थाने चाप (सलग, तापलेली विद्युत ठिणगी) पडू लागतो. कोरोनाचे तापमान फार नसते, या चापाचे असते. रबरात भरलेले ॲल्युमिना ट्रायहायड्रेट २०० अंश सेल्सिअसच्या पुढे आपल्यातले पाणी सोडून ती उष्णता शोषते आणि रबराला काही काळ वाचवते. भराव कमी असलेले किंवा निकृष्ट मिश्रणाचे रबर इथे लवकर हार मानते आणि त्यात खाचा पडू लागतात.

सिलिकॉनचे सामर्थ्य असे की कोरोना थांबला आणि पृष्ठभाग कोरडा राहिला तर आतले सिलोक्सेन पुन्हा वर येतात व काही तासांपासून काही दिवसांत जलविरोधी गुण बऱ्याच अंशी परत येतो. त्यासाठी विश्रांतीचा कोरडा काळ मात्र मिळायला हवा. या मुद्द्यावर कोकण किनारा आणि घाटमाथा यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. किनाऱ्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत समुद्रावरून येणारा वारा मीठ आणून टाकत राहतो, पहाटे दव पडते आणि उन्हात सुकते. इथे मिठामुळे लीकेज करंट आणि कोरड्या पट्ट्यांवरचा चाप हा मुख्य धोका असतो, विशेषतः वळवाची पहिली हलकी सर साचलेले मीठ विरघळवते पण वाहून नेत नाही तेव्हा. जुलैतल्या मुसळधार पावसाची मला तितकी काळजी वाटत नाही, कारण तो शेडच्या वरच्या बाजू धुऊन काढतो. रोज दुपारी मिळणारे कोरडे ऊन किनाऱ्यावरच्या इन्सुलेटरला सावरायला वेळही देते. आंबोली किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी मीठ फारसे नसते, पण पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे धुके आणि झिमझिम असते, पृष्ठभाग सुकतच नाही, आणि ज्या इन्सुलेटरवर क्षेत्र मर्यादेच्या वर आहे त्यावर थेंबाचा कोरोना दिवसरात्र चालू राहू शकतो. प्रदूषणाच्या नकाशात असा प्रदेश सौम्य दाखवला जातो आणि त्यावरून इन्सुलेटर निवडला जातो. क्रीपेजच्या दृष्टीने ती निवड बरोबरही असेल, पण क्रीपेज वाढवल्याने टोकाशी एकवटलेले क्षेत्र कमी होत नाही. घाटात शेवाळही धरते; शेवाळाचा हिरवा थर पाणी धरून ठेवतो आणि सुकण्याचा वेळ आणखी लांबवतो.

आम्लाचा मुद्दा मी वेगळा काढतो, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत गंभीर आहे. दमट हवेतल्या कोरोनातून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात आणि ती थेंबात विरघळली की नायट्रिक आम्ल होते. थेंब सुकत जातो तसे हे आम्ल अधिक तीव्र होत जाते. रबराला त्याचा हळूहळू त्रास होतो. पण एंड फिटिंगशी असलेले सील उघडले असेल किंवा आवरणाला रॉडपर्यंत भेग गेली असेल, तर हे आम्ल फायबरग्लासच्या कोर रॉडपर्यंत पोहोचते. साध्या ई-ग्लासचे तंतू आम्ल आणि ओढ यांच्या एकत्रित परिणामाने एकेक करून तुटतात आणि एके दिवशी नेहमीच्याच भाराखाली, वारा नसताना, रॉड जवळजवळ आडवा कापल्यासारखा तुटतो. यालाच ठिसूळ भंग म्हणतात. फ्लॅशओव्हर झाला तर वाहिनी ट्रिप होते आणि बऱ्याचदा पुन्हा चालू होते. रॉड तुटला तर कंडक्टर खाली येतो, आणि कोकणात त्याच्या खाली वाडी, बाग किंवा रस्ता असतो. बोरॉनरहित, आम्लरोधी काचेचा रॉड घेतला तर हा धोका बराच कमी होतो, त्यामुळे नव्या खरेदीत त्याचा आग्रह धरावा. जुन्या मालात कोणती काच आहे हे कागदपत्रांतून कळत नसेल, तर ती साधी आहे असे समजून वागावे.

पाहणी कधी करावी यावर बरेच अवलंबून आहे. दुपारच्या उन्हात केलेल्या पेट्रोलिंगमध्ये थेंबाचा कोरोना दिसणे शक्यच नाही, कारण तेव्हा थेंबच नसतात. रात्री उशिरा किंवा पहाटे, दव पडलेले असताना किंवा रिमझिम थांबल्यावर लगेच पाहावे. सौर प्रकाशाचा अडथळा नसलेल्या २४० ते २८० नॅनोमीटर पट्ट्यातला अतिनील कॅमेरा उपलब्ध असेल तर उत्तम. नसेल तर पूर्ण अंधारात, डोळे अंधाराला सरावल्यावर, चांगल्या दुर्बिणीतूनही पुष्कळ कळते. थर्मल कॅमेराही सोबत असावा, पण त्याचे काम निराळे आहे: कोरोनाने पृष्ठभाग फारसा तापत नाही, त्यामुळे फिटिंगजवळ किंवा आवरणाखाली सलग उबदार पट्टा दिसला तर तो रॉडमध्ये ओल शिरल्याचा किंवा आतून झीज चालू असल्याचा इशारा समजावा. अशा इन्सुलेटरवर हॉटलाइन (वाहिनी चालू ठेवून करायचे) काम करू नये.

वाहिनी बंद असताना जलविरोधी गुणाची फवारा चाचणी करता येते. स्वीडनमधल्या एसटीआरआय संस्थेने रूढ केलेल्या आणि पुढे आयईसी ६२०७३ या आंतरराष्ट्रीय मानकात आलेल्या या पद्धतीत साध्या फवारा बाटलीने सुमारे २५ सेंटिमीटरवरून २० ते ३० सेकंद पाणी फवारतात आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, पृष्ठभागाचे चित्र १ ते ७ या वर्गांशी ताडून पाहतात. वर्ग १ म्हणजे सुटे गोल थेंब, वर्ग ७ म्हणजे सलग पाण्याचा थर. ही चाचणी एका जागी करून इन्सुलेटरला एकच क्रमांक देऊ नये. कंडक्टरकडचे पहिले आवरण, मधला भाग आणि जमिनीकडचे टोक, शिवाय शेडची वरची आणि खालची बाजू, यांची नोंद वेगवेगळी हवी. मधे वर्ग २ आणि कंडक्टरकडे वर्ग ६ अशी नोंद आली, तर ती इन्सुलेटरच्या वयापेक्षा क्षेत्राबद्दल जास्त बोलते. सगळीकडे सारखाच वर्ग ५ किंवा ६ आला, तर मात्र रबर किंवा प्रदूषण यांच्याकडे पाहावे लागेल.

पांढरेपणाही वाचता यायला हवा. उन्हाच्या बाजूला सर्वत्र सारखी आलेली पांढुरकी भुकटी ही बहुधा हवामानाने उघडा पडलेला भराव असते. बोटाने पुसली जाते, आणि तिच्यामुळे इन्सुलेटर बदलण्याचे कारण नाही. आपण वर्णन केलेला, फक्त कंडक्टरच्या टोकाशी मर्यादित असलेला पांढरा पट्टा कोरोनाचा आहे असे धरून चालावे. त्याच्यावर जाळीदार बारीक तडे आहेत का, आवरणावर रॉडभोवती कापल्यासारखी रेघ आहे का, फिटिंगच्या ओठाशी रबर सुटले आहे का, हे जवळून पाहावे. तडे वरवरचे असतील तर वाट पाहता येते. खाच पडली असेल तर तिची खोली मोजून पुढच्या पाहणीत पुन्हा मोजावी. सील सुटलेले दिसले किंवा रॉड उघडा पडलेला दिसला, तर चर्चा नको. पहिल्या मिळेल त्या आउटेजमध्ये (वाहिनी बंद ठेवली जाईल तेव्हा) तो इन्सुलेटर खाली उतरवावा. काळी, फांद्यांसारखी कार्बनची रेघ सिलिकॉनवर क्वचितच दिसते आणि दिसली तर तीही याच वर्गात मोडते.

उपायांमध्ये पहिला मान रिंगचा. योग्य मापाची कोरोना रिंग कंडक्टरकडे बसवली की फिटिंगलगतचे क्षेत्र खाली येते आणि शिखर थोडे वर, आवरणाच्या मोकळ्या भागाकडे सरकते. त्यामुळे रिंगचा व्यास, नळीची जाडी आणि फिटिंगपासून ती किती पुढे येते, हे तिन्ही आकडे त्या इन्सुलेटरसाठीच काढलेले हवेत. एका उत्पादकाची रिंग दुसऱ्याच्या इन्सुलेटरवर बसते म्हणून चालते असे नाही. हा हिशोब त्रिमितीय असावा आणि त्यात टॉवर, क्रॉसआर्म, कंडक्टर, हार्डवेअर आणि उरलेले दोन फेज धरलेले असावेत, कारण एकट्या उभ्या इन्सुलेटरचे चित्र टेन्शन टॉवरवरच्या क्षेत्राचा चुकीचा अंदाज देते. रिंग उलटी बसवण्याची चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. उलटी रिंग शेडकडे येण्याऐवजी कंडक्टरकडे जाते आणि सील पुन्हा उघडे पडते. रिंगमुळे कोरडे चापांतर (ठिणगीला हवेतून ओलांडावे लागणारे अंतर) थोडे कमी होते, म्हणून आवेग व्होल्टेजचा मेळ आधी घालून घ्यावा.

धुण्याबद्दल: चिनी मातीची सवय इथे आणू नये. सिलिकॉनवरच्या धुळीत मुरलेले सिलोक्सेन धुण्याने निघून जातात, आणि त्यानंतर बसलेली नवी धूळ जलविरोधी होईपर्यंत इन्सुलेटर उलट दुबळा असतो. जोराच्या फवाऱ्याने सील उघडण्याचाही धोका आहे. सिमेंटसारखा घट्ट बसणारा थर असेल, तर उत्पादकाने मान्य केलेल्या दाबाने आणि साध्या पाण्याने धुवावे, विद्रावके वापरू नयेत. कोरोनाने झालेले नुकसान धुण्याने भरून येत नाही, म्हणून आपल्या प्रकरणात त्याचा उपयोग नाही.

प्रकार-चाचणीचा (त्या प्रकारच्या नमुन्यावर घेतलेल्या चाचणीचा) दाखला असताना असे कसे झाले, हा प्रश्न कार्यालयात विचारला जाईल. आयईसी ६२२१७ मधल्या चाचण्या चांगल्या आहेत: मिठाच्या पाण्यात ४२ तास उकळणे, रॉडच्या तुकड्यांचे १०० तास उकळणे, मिठाच्या धुक्यात १००० तास व्होल्टेजखाली ठेवणे. पण त्या रबर, रॉड आणि त्यांचा जोड पारखतात. आपल्या टॉवरवर, आपल्या हार्डवेअरसह टोकाशी किती क्षेत्र येईल हे त्या सांगत नाहीत आणि वर्षानुवर्षे रोज पहाटे चालणारा थेंबाचा मंद कोरोना १००० तासांच्या धुक्यात उतरत नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या कुबर्ग येथे समुद्रकिनाऱ्यावर इन्सुलेटर प्रत्यक्ष हवेत व्होल्टेजखाली ठेवून पारखण्याचे केंद्र चालवले गेले ते अशाच उणिवेमुळे. आपल्या किनाऱ्यावरही एखाद्या उपकेंद्राच्या आवारात चार-सहा इन्सुलेटर वेगवेगळ्या रिंगसह कायम व्होल्टेजखाली टांगून ठेवणे आणि त्यांची नोंद ठेवणे फार खर्चाचे नाही, आणि त्यातून मिळणारी माहिती कुठल्याही आयात केलेल्या मार्गदर्शिकेपेक्षा आपल्या कामाची असेल.

आपल्या वाहिनीसाठी क्रम असा ठेवावा. येत्या दमट पहाटे सगळ्या टेन्शन टॉवरची अंधारात पाहणी करून कोरोना दिसणारी ठिकाणे नोंदवावीत. त्यांतल्या सर्वांत जास्त पांढऱ्या पडलेल्या दोन-तीन इन्सुलेटरना पुढच्या आउटेजमध्ये उतरवून एक कंडक्टरच्या बाजूने फिटिंगसह उभा चिरावा: रबर रॉडला घट्ट चिकटलेले आहे का, फिटिंगच्या आत ओल किंवा गंज आहे का, रॉडचा रंग बदलला आहे का, हे पाहण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही. आतून स्वच्छ निघाला तर उरलेल्यांवर रिंग बसवून वर्षभराने पुन्हा फवारा चाचणी घ्यावी. पांढरा पट्टा तसाच राहील, पण तिथला वर्ग सुधारलेला दिसायला हवा. आत ओल सापडली तर रिंगवर थांबू नये, त्या खेपेचे टेन्शन इन्सुलेटर रस्ते आणि वस्त्यांवरच्या गाळ्यांपासून (दोन टॉवरमधल्या टप्प्यांपासून) सुरुवात करून बदलायला घ्यावेत. काढलेला माल भंगारात टाकण्याआधी त्याच्यावर टॉवर क्रमांक, फेज आणि बसवल्याचे वर्ष लिहून ठेवावे.